एकोणीस चौकोन

"एकोणीस," सिस्टर म्हणाल्या आणि परत मोजायला लागल्या.

बाबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडलेले. रंगारी माणूस. परांचीवरून पडले तेव्हापासून कमरेखाली त्यांना काही कळत नाही. पडून पडून माकडहाडावर जखम झाली. दर गुरुवारी सिस्टर घरी आल्या की तिच्यावर चौकोन छापलेला पारदर्शक कागद धरायचा, पेननं कड गिरवायची, आतले चौकोन मोजायचे. आकड्याचं टिंब तक्त्यावर. टिंबं खाली उतरली तर घरीच ड्रेसिंग, वर चढली तर ऑपरेशन. आणि बाबांच्या हृदयाला भूल झेपणार नाही, हे डॉक्टरच बोललेले.

"गेल्या गुरुवारी बारा होते. आठवड्यात सात वाढले? आत पू धरला असणार." सिस्टरांनी फोन काढला. "डॉक्टरांना विचारते. आजच दवाखान्यात हलवावं लागेल."

सिस्टर रजेवर होत्या ते दोन गुरुवार मीच मोजलेलं. त्यांनीच शिकवलेलं. रजेआधी त्यांचे सव्वीस होते, मी पंधरा लिहिले, मग बारा. पेन कडेवरून नाही, आतून फिरवलं. टिंब खाली दिसलं की झालं, असं वाटलेलं.

"फोन नका लावू."

"का गं?"

"नका म्हटलं ना!"

"बापाच्या जिवाशी खेळतेस?"

"ते दोन आकडे खोटे आहेत!" मी ओरडलेच. "मी आतून गिरवलं. झालं समाधान?"

भिंतीकडून बाबांचा आवाज आला, "कड सोडून रंग मारला म्हणून भिंत लहान होते का गं?"

सिस्टरांनी दोन टिंबांवर काट मारली. "म्हणजे सव्विसाचे एकोणीस. कमी झालीय."

"मग बरी होतेय ना?"

"दोन टिंबांवर कसं सांगू? हात हलला तरी दोन-तीन चौकोन इकडचे तिकडे होतात. परत चार आठवडे मोजायचं."

"आणि तोवर आत पू असला तर?"

त्यांनी कोरा कागद माझ्या हातात दिला. "तू काढ. माझ्याशी जुळतंय का बघू."

मी कागद जखमेवर धरला.

"नीट काढ," बाबा म्हणाले. "पाठ माझी आहे, बाई."

कागद सरकू नये म्हणून त्यांनी पलंगाची दांडी घट्ट धरली. मी कडेकडेनं फिरले, चौकोन मोजले. दोनदा.

"किती?" बाबांनी विचारलं.

"एकवीस."

त्यांनी मान डोलावली. दांडी सोडली नाही.