तांबडा उतार

सूनबाईंना उंचीची भीती वाटायची, आणि ऑफिसात हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दिवसभर उपग्रहाच्या डोळ्यांनी डोंगर न्याहाळणारी ही बाई घरी स्टुलावर चढली की भिंतीला पालीसारखी चिकटायची. बल्ब बदलायचं काम सासूबाईंचं. सासूबाई वनखात्याची जीप चालवून निवृत्त झाल्या होत्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून आकाशातून जंगल बघते, पण दुसऱ्या पायरीवरून खाली बघायला सांगा, बोबडी वळते."

सूनबाईंचं काम डोंगरावरच्या स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या सुईपानांच्या उंच झाडांच्या, रानाची तब्येत बघण्याचं. गेल्या वर्षीचं आणि यंदाचं चित्र एकावर एक ठेवायचं. झाडं ठणठणीत असली की नकाशावर हिरवं, खंगली की तांबडं. यंदा वरचा अख्खा उतार तांबडालाल झाला. सूनबाईंनी अहवाल ठोकून दिला: सालीत भुंगा शिरलाय, पसरायच्या आत उतार तोडा. साहेब खूश झाले, तोडीची माणसं ठरली, आणि मग सगळ्यांना खात्याचा जुना नियम आठवला. नकाशावर ज्यानं तांबडं केलं, त्यानंच झाडाखाली उभं राहून पहिल्या खोडावर खडूची फुली मारायची. त्याशिवाय करवत चालत नाही. आजवर सूनबाईंच्या वाट्याला सपाटीवरची झाडं आली होती, म्हणून झाकली मूठ राहिली होती.

"मी नेते तुला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे लकाकले. निवृत्तीनंतर घाटात गाडी घालायला त्यांना निमित्तच हवं होतं.

वळणावळणावर सूनबाई सीटची कड घट्ट धरत होत्या. "अहो आई, हळू!"

"डोळे मीट हवं तर. मी उघडे ठेवलेत," सासूबाई म्हणाल्या आणि गिअर बदलला.

वर मुकादम माणसं आणि करवती घेऊन तयारच होता. सूनबाई गाडीतून उतरल्या, खडू काढला आणि पहिल्या खोडाशी वाकल्या. भुंगा साल पोखरतो तेव्हा बुंध्याशी कॉफीच्या पुडीसारखा बारीक भुसा पडतो. इथे भुशाचा कणही नव्हता. त्यांनी आणखी दहाबारा खोडं पाहिली. साली कशा घट्ट, तुकतुकीत! "भुसा कुठे दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"परवाच पाऊस झालाय, भुसा वाहून गेला असेल," मुकादम म्हणाला. "आणि बाई, तांबडं तुम्हीच केलंय ना? मारा फुली."

फुली मारली आणि झाडं निरोगी निघाली, तर शंभर वर्षांचं रान आपल्या हातानं आडवं होणार. नाही मारली आणि भुंगा असला, तर पुढच्या वर्षी सगळा डोंगर जाणार. खरं काय ते शेंड्यांनाच ठाऊक, आणि दाट रानात खालून शेंडा दिसत नाही. शेजारी वणव्यावर नजर ठेवायचा लोखंडी मनोरा होता. सूनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तिथंच त्यांना गरगरलं.

"खाली बघू नकोस, वरही बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "समोरच्या पायरीला शिव्या घाल आणि चढ."

सूनबाई सभ्य घरातल्या. पहिल्या पायरीला त्या "मेली" म्हणाल्या. मधल्या पायऱ्यांना जे म्हणाल्या ते ऐकून करवतवाल्यांनी टोप्या काढल्या. शेवटी हाताला कठडा लागला, आणि त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

समोर शेंडेच शेंडे, आणि प्रत्येक शेंडा फळांनी लगडलेला. तांबूस, लांबट शंकू घोसाघोसानं लोंबत होते, इतके की त्यांच्याखाली हिरव्या सुयांचा पत्ता नाही. काही वर्षांनी एकदा सगळी स्प्रूस एकदमच अशी बहरतात हे सूनबाईंनी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. उपग्रहाला वरून दिसली ती ही फळं. त्याला वाटलं रोग, आणि सूनबाईंनी मान डोलावली.

त्यांना हसूच फुटलं. मनोरा हलायला लागला तरी थांबेना.

"अहो आई! आजारी कुणी नाही! दिवस गेलेत सगळ्यांना!"

"कुणाला?"

"झाडांना! अख्ख्या उताराला! मुकादम, करवती गुंडाळा!" आणि त्यांनी खडू भिरकावून दिला. मुकादमाची माणसंही हसत सुटली.

"मला बघू दे," म्हणत सासूबाई तरातरा चढल्या. वर पाऊल ठेवलं, वाऱ्यानं मनोरा डुलला, आणि घाट कोळून प्यायलेल्या सासूबाईंनी मटकन बसकण मारली. चेहरा पांढराफटक.

"बाई गं, इथं हातात स्टिअरिंग नाही! चल, आधी खाली चल."

"थांबा हो. आत्ता कुठे नीट बघतेय मी." सूनबाईंनी एका हातानं त्यांचा हात घट्ट धरला आणि कठड्यावरून चांगल्या वाकून पाहिलं. "डोळे मिटा हवं तर. मी उघडे ठेवलेत."