सोललेलं अंडं

सोनिया चुलीपुढं बसल्या बसल्या पेंगायला लागली, तेव्हा भामाबाईला आधी रागच आला. तव्यावर भाकरी करपत होती आणि सून भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली.

"दिसभर मेंढरं तूच राखलीस व्हय गं?" ती खेकसली.

सोनियानं दचकून भाकरी उलटली. तिचे पाय सुजले होते, केस मुठीनं गळत होते आणि माण तालुक्यातल्या भर उन्हाळ्यात ती घोंगडं अंगावर ओढून घ्यायची. मुंबईला माथाडीत असलेला तिचा नवरा दिग्विजय जत्रेपुरता आला आणि लगेच माघारी गेला. जाताना आईला म्हणाला, "किती फुगलीय ती. तोंडाकडं बगवत न्हाई."

पुढं एक दिवस सोनिया मेंढरांच्या वाड्यापाशी चक्कर येऊन पडली. भामाबाईनं तिला दहिवडीला नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी थायरॉईड असल्याचं सांगितलं. सकाळी उपाशीपोटी गोळी, ती कधी चुकवायची नाही. "आणि हिच्या अंगात काही कस उरलेला नाही. रोज एक अंडं द्या, पिवळ्या बलकासकट. पण अंडं खातेय म्हणून गोळी सोडायची नाही हं. अंडं हे जेवण, औषध ते औषध."

भामाबाईचा हात आपसूक गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला. नवरा वारला त्या वर्षी तिनं माळ घातली होती. तेव्हापासून तिच्या घरात मटण शिजलं नव्हतं की अंडं फुटलं नव्हतं. सोनिया शिराळ्याची, माहेरी सगळं खाणारी. पण सासरी आल्यापासून तिनं कधी नावसुद्धा काढलं नव्हतं. परतताना वडापच्या जीपमध्ये ती हळूच म्हणाली, "आत्या, अंड्याचं ऱ्हाऊ द्या. मी मटकी खाईन, दूध पीन."

"गप बस," भामाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या बयाबाईकडं गेली आणि पदराखालून अंडी घेऊन आली. वाड्याच्या कडेला तीन दगड मांडून तिनं वेगळी चूल केली, जुनं पातेलं ठेवलं. अंडं किती वेळ उकडायचं हे तिला ठाऊक नव्हतं. पहिलं फोडलं तर आतून सगळं पातळ बाहेर आलं. तिनं पदर नाकाला लावला. ती जरा लांब जाऊन उभी राहिली, पाणी प्याली आणि परत येऊन दुसरं टाकलं. सोनियाची बोटं सुजून ताठ झालेली, तिला टरफल निघेना. भामाबाईनं तोंड एका बाजूला फिरवून ते सोललं, मीठ लावलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"खा. आन् माज्याकडं बगू नगंस."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. भजनाच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. धोंडुबाईनं तर तोंडावरच विचारलं, "माळ घालून अंडी उकडतीस, देवाला काय सांगशील?"

"त्येला दिसतंय की," भामाबाई म्हणाली. "पोर मरायला लागलीती. सांगायचं काय त्यात?" पण त्यानंतर ती भजनाला मागं, दाराजवळ बसायला लागली.

गोळी लागू पडली, अंगाला अन्न लागलं. हिवाळ्यापर्यंत सोनियाच्या तोंडावरची सूज उतरली. ती कोकरांमागं पळू लागली, कुणाच्या तरी नकला करून सासूला हसवू लागली. तिला बघून भामाबाईचं मन भरून यायचं आणि ती मुंबईला फोन लावायची. "लेका, येऊन बग तरी. वळखायचा न्हाईस बायकू." दिग्विजय कधी कामाचं सांगायचा, कधी फोनच उचलायचा नाही.

दहिवडीच्या बाजारात तिला नानासो भेटला. तो दिग्विजयच्याच टोळीत काम करायचा. तिनं पोराची खबर विचारली तसा तो खाली बघत बोलला. "मावशे, त्येनं कळंबोलीत दुसरं घर केलंय. बाई हाय. ल्योक बी हाय त्येला."

भामाबाईनं तिथंच रस्त्याकडेला बसून फोन लावला. दिग्विजयनं नाकारलं नाही. "ती कायम आजारी, आये. मी काय करायचं? तिला तितंच ऱ्हाऊ दे, तुला सोबत हुईल की."

भामाबाईनं फोन बंद केला. घरी जाऊन तिनं सोनियाला कसंबसं सांगितलं. सोनिया रडली नाही. शेणाचे हात धुऊन ती समोर बसली.

"मला म्हाईत हाय, आत्या. पडायच्या आदीपासनं म्हाईत हाय."

"आन् बोलली न्हाईस? मी येडी म्हणत ऱ्हायले, बरी झालीस की ईल, बरी झालीस की ईल. मग कशापायी खात हुतीस गं?"

"तुमी सोलून देत हुता म्हणून."

भामाबाईनं सुनेला जवळ ओढलं.

पण लेकाचे शब्द भामाबाईच्या डोक्यातून जाईनात. सोबत हुईल! तिनं शिराळ्याला सोनियाच्या वडिलांना, कोंडीबांना, फोन केला. "पाव्हणं, लेकीला घिऊन जावा. कायद्यानं मोकळी करा."

सोनिया हटून बसली. "मी न्हाई जायाची. मला हितंच ऱ्हायचंय."

"माज्या मागं ह्या माळावर कुणाच्या तोंडाकडं बगशील?"

"ते तवाचं तवा. तुमी मला हाकलताय व्हय?"

मवाळ बोललं तर ही जाणार नाही, हे भामाबाईला कळत होतं. ती म्हणाली, "व्हय. हाकलतीय. माजा ल्योक तुजा न्हाई, तर मी तुजी कोण?"

सोनियाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पिशवी भरली, गोळ्या घेतल्या आणि बापाच्या मागं जीपमध्ये जाऊन बसली. तिनं वळून बघितलं नाही. भामाबाई वाड्याच्या दाराला धरून उभी होती.

त्यानंतर सोनियाचा फोन कधी आला नाही. भामाबाई अधूनमधून कोंडीबांना विचारायची. तब्येत चांगली आहे, काडीमोड झाला, अंगणवाडीत काम लागलंय, असं ते सांगायचे. एकदा ती म्हणाली, "जरा तिला द्या की." पलीकडं दबकं बोलणं ऐकू आलं आणि कोंडीबा अवघडून म्हणाले, "आता नगं म्हणतीय."

"ऱ्हाऊ द्या," भामाबाई म्हणाली. "तिची चूक न्हाई."

जत्रेला दिग्विजय आला तो नवी बायको आणि पोरगा घेऊनच. ती बाई बिचारी भीत भीत पाया पडली. भामाबाईनं तिला भाकरी वाढली. पोरगं मात्र धीट. मेंढराचं शेपूट धरून सगळीकडं हिंडत होतं.

"किती वर्साचा गं?" भामाबाईनं विचारलं.

"आखाडात चार पुरी हुतील."

भामाबाई मनातल्या मनात मागं मागं गेली. सोनियाच्या पायावर सूज नव्हती, केस कमरेपर्यंत होते, ती नव्या नवरीसारखी हसायची, तेव्हाचं हे पोरगं. तिनं लेकाकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता.

पोरगं धावत आलं आणि "आजी" म्हणून तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. त्याचा काय दोष? तिनं त्याला उचलून घेतलं. अंगाला अंग लागलं तशी मायाही आली, आणि ती आली म्हणूनच तिला हुंदका आवरेना. पोराला तसंच कडेवर घेऊन ती मेंढरांत शिरली आणि तिथं, कुणाला दिसणार नाही अशी पाठ करून, सोनियाचं नाव घेत रडली.