चिलमीतला खडा

“खडे कुठं हायेत?” मामांनी विचारलं.

मी स्टुलावर उभी राहून कपाटाच्या वरच्या फळीवर चिलमी मांडत होते. सगळ्या एका रांगेत, तोंडं एका बाजूला, शाळेत विज्ञान प्रदर्शन मांडतो तशा. घट बसायला आठवडा राहिला होता, आणि आमच्याकडं घटाच्या आधी घरातली चमचा-वाटीसुद्धा धुवून निघते. रविवारची सुट्टी साधून मी त्या दिवशी मामांच्या कपाटाला हात घातला होता.

“कसले खडे?”

मामांनी एक चिलीम उचलून तळहातावर ठोकली. मग दुसरी. मग तिसरी.

“आतला कचरा होय? काढला की सगळा,” मी म्हणाले. “गरम पाण्यात सोडा टाकून भिजवल्या, खराट्याच्या काडीनं आतून घासल्या. केवढी काजळी होती, मामा! आणि प्रत्येकीत एकेक खडा अडकलेला. तोही काढला.”

खरं सांगते, मी शाबासकीची वाट बघत होते. लग्नाला चार वर्षं झाली तरी त्या कपाटाला मी कधी हात लावला नव्हता. मामा मात्र शेजारी खुर्ची असून खाली फरशीवरच बसले.

“उद्या दशमी,” ते म्हणाले. “उद्या हरणाकाकी यायच्यात.”

मामा म्हणजे माझे सासरे, बिराप्पा. ईट गावात आमचं घर. मामा गुरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर होते. डॉक्टर बदलून यायचे, बदलून जायचे, मामा तिथंच. बैलांचे खांदे, मेंढरांचे खूर, अडलेल्या म्हशी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात आणि ते दर वेळी ‘डॉक्टर न्हाय, ड्रेसर’ अशी दुरुस्ती करतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी त्या रविवारी सकाळीच कुणाच्या तरी गाईसाठी वस्तीवर गेले होते. घरी असते तर हे झालंच नसतं.

गंमत म्हणजे मामांनी आयुष्यात एक झुरका ओढलेला नाही. त्यांचे वडील, कल्याणप्पा, मेंढरं राखायचे. खोकून खोकून गेले. मामा तेव्हा तीस वर्षांचे. पण नोकरी अशी, की मेंढरांच्या तळावर जावंच लागायचं, आणि तळावर चिलमीला नाही म्हणून चालत नाही. फिरत फिरत चिलीम हातात आली की मामा ती कपाळाला लावायचे आणि शेजारच्याकडं द्यायचे. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

वडिलांची चिलीम त्यांनी जपून ठेवली. मग कुणाचा तरी म्हातारा गेला आणि त्याच्या पोरानं त्याची चिलीम आणून दिली. घरात ठेवावी तर बायको नको म्हणते, टाकावी तर जीव होत नाही. हळूहळू ‘बिराप्पाकडं ठिवा’ असा रिवाजच पडला. दवाखान्यात नवं फर्निचर आलं तेव्हा जुनं काचेचं औषधांचं कपाट मामांनी लिलावात घेतलं. त्यात चाळीसेक चिलमी आहेत, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी. ज्याची चिलीम त्याची तंबाखू लशीच्या रिकाम्या बाटलीत, वर रबरी बूच. काही बाटल्यांवर अजून ‘फक्त जनावरांसाठी’ असं छापलेलं दिसतं. उन्हाळ्यात तंबाखूचा भुगा होऊ नये म्हणून मामा तिच्यावर गुळाच्या पाण्याचा हबका मारतात. या बाटल्यांचा खण सगळ्यात खालचा, आणि त्यावर दवाखान्याच्या काळापासून लाल अक्षरात ‘विष’ असं रंगवलेलं आहे. हा मामांचा विनोद की योगायोग, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

“चिलमीत खडा घालावा लागतो, पोरी,” मामा म्हणाले. “तमाखू अन् इस्तू तोंडात येऊ नये म्हणून. चिलीम काय, मातीची, फुटती. बाजारातनं दुसरी आणायची. पर खडा न्हाय बदलत. जुन्या चिलमीतला काढायचा अन् नव्या चिलमीत घालायचा. मानूस मरस्तवर त्याचा त्योच खडा.”

“मला माहीत नव्हतं, मामा.”

“तुला कसं माहीत असंल? तुझ्या माहेरी समदे बँकेत.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “तुझी सासू असती तर तिनं सांगितलं असतं. टाकलंस कुठं?”

दारासमोर रस्त्यात एक खड्डा आहे. पावसाचं पाणी साचतं, आणि ढोकीच्या कारखान्यावरून पंधरा दिवसांनी येणाऱ्या माझ्या नवऱ्याची मोटारसायकल नेमकी तिथं घसरते. मी सुपलीभर खडे त्या खड्ड्यात टाकले होते. तेवढीच भर, असं म्हणत. मामांना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग आम्ही दोघं रस्त्यावर उकिडवे बसलो. मामा चिखलात हात घालून मूठ काढायचे, मी ती चाळणीत धुवायची. मधल्या वेळात त्यावरून एक ट्रॅक्टर जाऊन आला होता. येणारा-जाणारा थांबायचा.

“काय हरवलं, डॉक्टर?”

“डॉक्टर न्हाय, ड्रेसर,” मामा मान वर न करता म्हणायचे. “अन् हरवलं न्हाय, घावतंय.”

मामा मला एक शब्द रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपार उलटल्यावर घावलेले खडे परातीत घेऊन मामा कपाटासमोर बसले. सोड्यानं आणि चिखलानं सगळ्यांची काजळी गेली होती. मला ते नुसते खडे दिसत होते. मामा एकेक उचलून बोटांत फिरवायचे.

“ह्यो खाजामियाँ नालबंदाचा. खडा न्हाय ह्यो, बघ, बैलाच्या नालंचा तुकडा. ‘डागदर, मेरा पत्थर भी लोहे का,’ म्हनायचे. लई हसवायचे. बैल खाली पाडला की बैलाच्या कानात पैले माफी मागायचे, मग नाल ठोकायचे.”

तो तुकडा त्यांनी खाजामियाँच्या चिलमीत टाकला. टुण्णकन आवाज झाला. मग एक चपटा काळा खडा, ज्याचा मालक जत्रेत कुस्ती हरून आल्यावर तीन दिवस बोलला नव्हता म्हणे. मग कवेलूचा एक गुळगुळीत तुकडा. काही खडे ते पुन्हा परातीत ठेवायचे, पुन्हा उचलायचे, आणि मग कुणाच्या तरी चिठ्ठीकडं बराच वेळ बघत बसायचे. त्या दुपारी मला कळलं, की कपाटात मी इतकी वर्षं जी मातीची भांडी बघत होते, ती मामांच्या लेखी भांडी नव्हतीच.

संध्याकाळपर्यंत सात-आठ चिलमी रिकाम्या राहिल्या. त्यातली एक गोरोबांची.

हरणाबाई या गोरोबांच्या बायको. गोरोबा आणि कल्याणप्पा, दोघांची मेंढरं बारा वर्षं एका तळावर. दोघांनी सीना नदीच्या वाळूतून एकाच दिवशी आपापली पांढरी गारगोटी उचलली होती. कल्याणप्पांच्या गारगोटीत तांबडी शीर होती, गोरोबांची निर्मळ पांढरी. गोरोबांना जाऊन दहा वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही. सोनारी गावची ही ऐंशीची म्हातारी दर पितृपंधरवड्यात दशमीला दोन गाड्या बदलून ईटला येते, नवऱ्याची चिलीम भरते, निवदाशेजारी पेटवून ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. वर्षातून तेवढं एकदाच, आणि त्या वेळी मी दर वर्षी शाळेत शिकवत असते.

परातीत एकच गारगोटी उरली होती. तिला तांबडी शीर होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. पळून जाणं बरं दिसलं नसतं. सकाळी अंघोळ करून मामांनी कपाट उघडलं, वरच्या फळीवरची आपल्या वडिलांची चिलीम काढली, आदल्या दिवशीच तिच्यात ठेवलेली गारगोटी तळहातावर घेतली आणि गोरोबांच्या चिलमीत सोडली.

“मामा, ही तर आजोबांची ना?”

“एकाच वाळूतल्या हायेत दोन्ही. काकीला दिसत न्हाय आता धड.”

“आणि आजोबांच्या चिलमीत?”

“आबाला मी हाय की,” मामा म्हणाले. “गोरोबाकाकाला काकीबिगर कोन हाय?”

अकराच्या सुमाराला हरणाबाई आल्या. हातात खिरीचा डबा, कमरेला तंबाखूची चंची. पाणी प्यायल्या आणि थेट कपाटापुढं जाऊन बसल्या. मामांनी गोरोबांची चिलीम दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी ती नाकाशी नेली. “धुतली व्हय रं, बिरा?”

“घटाची सफाई, काकी,” मामा म्हणाले.

सवयीनं त्यांनी चिलीम ठोकून खडा हातावर घेतला. पदराच्या टोकानं पुसला. त्यांचा अंगठा खड्यावरून एकदा फिरला, परत फिरला आणि थांबला. मामा जमिनीकडं बघत होते. मला राहवेना.

“आजी, माझ्या हातून...”

“हाच हाय,” हरणाबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “मालकाचा हाच.”

मामांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. हरणाबाईंनी खडा परत घातला, चंची सोडली, चिलीम भरली. मी चुलीतला विस्तव आणून दिला. पायरीवर निवदाचं पान ठेवलं, शेजारी विटेला टेकवून चिलीम. कुणी ओढत नव्हतं तरी धूर सरळ वर जात होता. कावळा आला, खिरीत चोच घालून गेला. हरणाबाईंनी हात जोडले, मामांनीही जोडले.

संध्याकाळी मी त्यांना गाडीला सोडायला गेले. चालताना त्यांनी माझा दंड धरला होता. मला वाटलं आधारासाठी.

“तुझ्या सासऱ्याला सांगू नगं,” त्या म्हणाल्या. “त्यो खडा कल्याणप्पा भाऊजींचा हाय.”

मी थांबलेच.

“त्याला एक कोपरा हाय, अंगठ्याला टोचतो. तळावर दोघांच्या बी चिलमी मीच भरायची. मालकाचा खडा सपाट, भाऊजींचा टोचरा. डोळं गेलं म्हनून अंगठा गेला व्हय?”

“मग आजी, तुम्ही हाच म्हणालात ते?”

“मंग काय म्हनू? आपल्या बापाचा खडा काढून दिला त्यानं मला. असं कोन देतं?” गाडी दिसली तशी त्यांनी पिशवी सावरली. “आज दोन चिमटी तमाखू घातली म्या. एक मालकाची, एक भाऊजींची. तू रडू नगं. धुतल्यानं काय मानूस जातं व्हय?”

कंडक्टरनं हात देऊन त्यांना वर घेतलं.

मी परत आले तेव्हा मामा कपाटापुढंच बसले होते. वडिलांची चिलीम मांडीवर.

“काय म्हनल्या काकी?”

“पुढच्या दशमीला येते म्हणाल्या.”

“कळलं न्हाय ना त्यांना?”

“नाही,” मी म्हणाले. “नाही कळलं.”

मामांनी मान हलवली. मग चिलीम डोळ्यासमोर धरून दाराच्या उजेडाकडं बघितलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी ती कपाळाला लावली आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडं दिली.

मी दोन्ही हातांनी घेतली. स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवर तिच्या चिठ्ठीवर ठेवली, तोंड दाराकडं करून.