हरणाऱ्या संघाचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. एका लहानशा फुटबॉल क्लबच्या मैदानावर, गोलच्या मागे माझी जागा आहे. सुताराने रंधा मारून मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की माझ्यावर बसलेला पहिलाच माणूस घसरून पडला आणि सगळे खो खो हसले. तेव्हा हसायला माणसं होती. सामन्याला लोक दाटीवाटीने बसत आणि गोल झाला की माझ्यावरच उभे राहून नाचत. मी कुरकुरायचो, पण ऐकतो कोण!

मग संघ हरू लागला. एका गटातून खालच्या गटात, तिथून आणखी खाली. क्लबच्या मालकाने हात वर केले. चांगले खेळाडू दुसरीकडे गेले, त्यांच्यामागे प्रेक्षकही गेले. माझा रंग उडाला, एक लोखंडी पाय गंजून तुटला. पुढे पुढे मला त्याचं काही वाटेनासं झालं. ऊन यायचं, ऊन जायचं.

तरीही येणाऱ्या मोजक्या माणसांत एक टेलरकाका होते. माझ्या डाव्या टोकाला त्यांची जागा ठरलेली. एका संध्याकाळी त्यांनी कंडक्टर, वेल्डर अशा जुन्या पाठीराख्यांना माझ्याभोवती जमवलं.

"क्लब आपणच चालवायचा," काका म्हणाले.

"काका, अंथरूण पाहून पाय पसरावेत," कंडक्टर म्हणाला.

"अंथरूण मी शिवतो. तुम्ही पाय तर पसरा!"

सगळे हसले आणि कामाला लागले. वेल्डरने माझा पाय जोडला. कंडक्टरने माजलेलं गवत कापलं. काकांनी संघाचे शर्ट शिवले. पण ते घातलेला संघ पाहायला काका राहिले नाहीत. हंगाम सुरू होण्याआधीच त्यांचं हृदय बंद पडलं.

पहिल्या सामन्याला काकू आल्या. त्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या काकांच्या जागेवर बसल्या.

"काकू, कशाला त्रास घेतलात?" वेल्डरने विचारलं.

"घरी फार शांत असतं रे. इथे निदान कोणीतरी ओरडतं."

मग त्या प्रत्येक सामन्याला येऊ लागल्या. टाळी नाही, डोळ्यांत पाणी नाही. हात मांडीवर ठेवून नुसत्या समोर बघत बसायच्या. आम्हा दोघांत लाकूड कोण, हे सांगणं कठीण होतं.

संघ जिद्दीने खेळला. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली असती, तरी क्लब आहे त्या गटात टिकला असता. खेळ संपत आला आणि आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला. संघ सगळ्यात खालच्या गटात गेला. लोक जागच्या जागी उभे राहिले. कंडक्टर माझ्यावर मटकन बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

"संपलं, काकू."

काकूंनी त्याच्याकडे मान वळवली.

"पुढचा सामना कधी आहे?"

"आता अगदी तळाच्या गटात खेळावं लागेल."

"खेळू की. कधी, ते सांग."

कंडक्टरला ते माहीत नव्हतं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि तो उठून विचारायला गेला.

मित्रांनो, जिंकणाऱ्यांच्या शेजारी बसायला जागा मिळत नाही. कधीतरी हरणाऱ्यांजवळ येऊन बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. आणि याल तेव्हा एक हातोडी घेऊन या. माझा एक खिळा वर आला आहे, काकूंची साडी अडकते.