बंदुकीच्या परवान्यामागे धावलेली सायकल

मी एक जुनी, काळी, सरकारी सायकल आहे. हसू नका मित्रांनो! घंटी गेली, पण तोंड अजून शाबूत आहे.

माझा जन्म लुधियानाचा. कोरी करकरीत असतानाच मला खाडीकाठच्या पोलीस चौकीत धाडलं. हवालदार श्यामसुंदर माझे मालक. वजन दोन माणसांचं, स्वभाव लोण्याचा! नवी मुंबई तेव्हा नुकती उभी राहत होती. जिकडेतिकडे मातीचे भराव, अर्धे रस्ते, आणि चिखल तर विचारूच नका. तरी रोज मला पुसताना ते म्हणायचे, "तुझ्याशिवाय माझं पान हलत नाय बघ." मी अशी फुलायचे!

एकोणऐंशी साली सारसोळ्याच्या दादूने बंदुकीचा परवाना मागितला. कारण दिलं, शेताची राखण. परवाना द्यायचा वरच्या साहेबांनी, पण माणूस कसा आहे हे शोधायचं आम्ही. निघालो गावात. पोलीस दारात आला की आपल्या माणसाबद्दल वावगं बोलायचं नाही, ही तिथली रीत. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, "आमचा दादू म्हंजे सोना हाय सोना!" सगळा गाव तेच बोलला. महसूल कचेरीतही शेत दादूच्याच नावावर होतं. हवालदार खूश!

तेवढ्यात दादूची बायको विमलबाई कुंपणाशी आली. "दादा, माज्या म्हायेरच्या चौकीत पन इचारा. आठ दिसांनी पोरीची हलद हाय. बंदूक मिलाली तर ह्यो मांडवात बार काढल. माजा जीव थाऱ्याव नाय."

झालं! हवालदारांनी मला विमलबाईंच्या माहेरी, उरणच्या वाटेला लावलं. माझी चेन दोनदा उतरली. तिथे कळलं की मेव्हण्याच्या हळदीत दादूने कुणाचीतरी बंदूक घेऊन आनंदाने बार काढला होता आणि छरे बँडवाल्याच्या पायात घुसले होते. नव्या शहराच्या जमीन कचेरीत तर कमालच! दादूचं शेत शहरासाठी कधीच घेतलेलं. शेतच नाही, तर राखण कसली करणार, कपाळ? प्रत्येक कचेरीला आपापल्यापुरतं ठाऊक होतं. एकमेकींना सांगणार कोण? मीच की! सगळं एकत्र करून वर धाडलं आणि परवाना नाकारला गेला.

दादू चौकीत आला. माझं हँडल धरून ढसाढसा रडला. "जमीन गेली, मान गेला. बंदूक खांद्याव असती तर हलदीला चार लोकांनी बगितला असता मला."

मलाही फार वाईट वाटलं, खरंच. हवालदार म्हणाले, "दादू, हळदीला मी येतो. गणवेशात. तुझ्या बाजूला बसतो. बोल, चालेल?"

आता मी चौकीमागे गंजत पडले आहे. मला तेल द्या, पुसा, मोडीत घालू नका. ते राहिलं तरी चालेल. पण मित्रांनो, उद्या मोठे होऊन कचेरीत बसाल, तेव्हा कुणाच्या हाती बंदूक देण्याआधी चार दारं ठोठावा आणि कळेल ते एकमेकांना सांगा. का, ते मी त्या हळदीच्या मांडवात पाहिलं.

हवालदार कडक इस्त्रीत, शेजारी दादू ऐटीत. बँड रंगात आला आणि दादूला राहवेना. त्याने कोपऱ्यातली काठी उचलली, खांद्याला लावली, नाचणाऱ्या पोरांवर रोखली आणि ओरडला, "धाड! धाड!"

पोरं धडाधड जमिनीवर पडली. विमलबाईंचा हात छातीवर गेला.

मग पोरं खिदळत उठली. सगळीच्या सगळी.