शेवटच्या वळणावरची घंटी

निघायच्या दिवशी आईने दादाच्या सायकलची घंटी रुमालात बांधून माझ्या हातात ठेवली. आई काहीही बांधते तेव्हा दोन गाठी मारते, आणि वर तिसरी बसत असेल तर तीही मारते. दादा म्हणायचा, आईची गाठ सोडवायला दात लागतात. मी कवळ्या बनवते, म्हणून घरातल्या सगळ्या पुरचुंड्या सोडवायचं काम त्याने माझ्या गळ्यात घातलेलं.

"शेवटच्या वळणावर वाजव," आई म्हणाली. "वर चहाच्या टपरीत ऐकू येते का, ते त्याच्या मित्रांना विचार. आणि लगेच मला फोन कर."

का, ते विचारायची गरज नव्हती. मागच्या वर्षी दादा त्याच वळणावर पडला होता.

तो आणि त्याचे तीन मित्र दर वर्षी सायकलने समुद्रापर्यंत जायचे. वाटेत मोठा घाट. सपाटीवर चौघं एका रांगेत जायचे, पण घाटात ज्याने त्याने आपापल्या दमाने चढायचं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही, भेटायचं ते वरच्या टपरीत, असा त्यांचा नियम होता. दादा कायम शेवटी. म्हणून मित्र त्याला गार्ड म्हणायचे, रेल्वेच्या शेवटच्या डब्यात असतो तसा. मागे राहिलेला बरा आहे हे वरच्यांना कळावं म्हणून गार्ड प्रत्येक वळणावर घंटी वाजवायचा. मागच्या वर्षी तिघं वर पोचले, चहा घेतला, दुसरा सांगितला. तेवढ्यात खालून आलेल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं, की वळणावर एक सायकलवाला पडलाय. ते धावत गेले तेव्हा सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं. एका क्षणात गेला की पडून राहिला होता, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरं बोलले असतील, पण ते आईच्या तोंडावर बोलायची काही गरज होती का?

तिघांपैकी एक दवाखान्यात कंपाउंडर आहे, तो मात्र आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, शेवटच्या वळणावरची घंटी आम्ही ऐकली. म्हणून तर निवांत बसलो. त्यानंतर लगेच गेला असणार. त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

त्या चार वाक्यांवर आईने वर्ष काढलं. शेजारणीला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईलासुद्धा सांगितलं. दादाचं लग्न झालं नव्हतं, आई म्हणायची ते सायकलशीच झालंय. ती सायकल परत आली तेव्हा आईने सुरीच्या टोकाने स्क्रू काढून घंटी सोडवली आणि उशाशी ठेवली.

मला त्या वाक्यांनी काही बरं वाटलं नाही, उलट डोकं फिरलं. घंटी ऐकली, तर पुढे तो वर का आला नाही हे कुणाच्याच मनात कसं आलं नाही? तिथून टपरी किती लांब, हाकेच्या अंतरावर. पण मी वर्षभर मूग गिळून बसले. या वर्षी कंपाउंडरने चाचरत विचारलं, "त्याच्या जागी तू येतेस का?" तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले, आणि सायकलही दादाचीच घेतली.

पहिल्या दिवशी आम्ही नदीच्या पुलावर थांबलो, मग एका पेट्रोल पंपावर, मग बंद पडलेल्या सूतगिरणीच्या सावलीत. प्रत्येक ठिकाणी ते तिघं ठरलेल्या जागी बसायचे आणि एक जागा रिकामी राहायची. पेट्रोल पंपावर ती हवेच्या मशीनशेजारची होती. मी मुद्दाम तिथे जाऊन बसले. ड्रॉइंगमास्तर दुसरीकडे बघायला लागले. ते शाळेत चित्रकला शिकवतात आणि बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघतात. तिसऱ्याला सगळे लिफ्ट म्हणतात, कारण तो लिफ्ट दुरुस्त करतो. आयुष्यभर लोकांना वर नेऊन स्वतः जिना चढतो, हा त्याचा एकुलता एक विनोद, आणि त्यावर पहिला हसतो तोच. त्याचं हसणं भिंतीपलीकडे ऐकू जातं.

माणसं वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती. कंपाउंडरने माझी सीट दोनदा खालीवर करून दिली. लिफ्टने माझं पंक्चर काढलं, हात काळे करून घेतले आणि मला ट्यूबला बोटसुद्धा लावू दिलं नाही. मास्तरांनी स्वतःच्या डब्यातलं उकडलेलं अंडं सोलून दिलं. मला राग टिकवून धरायचा होता, आणि ही मंडळी तो टिकू देत नव्हती. रात्रीच्या मुक्कामाला लॉजवाल्याने वहीत पाहून विचारलं, "दर वर्षीसारख्या चार खाटा ना?" तेव्हा चौघांनीही माना डोलावल्या आणि मग कुणी फारसं जेवलं नाही.

सकाळी घाटाच्या पायथ्याशी मास्तर म्हणाले, "आता आपापल्या दमाने. तू शेवटी राहशील. वळणावळणावर घंटी वाजव, म्हणजे आम्हाला वर काळजी नाही."

"बरं," मी म्हणाले.

हॅण्डलवर घंटी नाही हे त्यांना दिसलं नाही. पुढे लावलेल्या पिशवीखाली ती जागा झाकली होती. घंटी पिशवीत आहे, रुमालात आहे, असं मी सांगितलं असतं, तर का आहे तेही सांगावं लागलं असतं. आई तुमच्या शब्दाची परीक्षा घेतेय, असं कुठल्या तोंडाने सांगणार? आणि खरं तर आई परीक्षा घेत नव्हती. तिला फक्त पुन्हा एकदा हो ऐकायचं होतं. परीक्षा घ्यायची होती ती मला.

ते तिघं पहिल्या वळणाआड गेले. मी चढत राहिले. ढग खाली उतरले होते, रस्ता ओला होता. दादा या चढात काय बघायचा कोण जाणे. मला पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नव्हतं. मधल्या प्रत्येक वळणावर वाटायचं, वाजवावी. पण रुमाल सोडवायला उतरावं लागलं असतं, आणि एकदा उतरले तर पुन्हा चढणं जमणार नाही हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या वळणावर मात्र उतरले. ट्रकवाल्याने सांगितलेल्या खुणा कंपाउंडरने आईला सांगितल्या होत्या आणि आईने मला इतक्यांदा सांगितल्या होत्या, की ती जागा मी अंधारातही ओळखली असती. चुना लावलेला बुटका कठडा, त्याच्या बुडाशी पाणी जायचा पाइप, पाइपाशी बारीक खडी. मी खडीवर बसले. बसल्यावर पहिल्यांदा काय ऐकू आलं असेल, तर वरून लिफ्टचं हसणं. जिन्याचा विनोद झाला असणार. शब्द कळत नव्हते, पण हसणं स्पष्ट होतं.

मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. सगळं वर्ष आम्ही याच विचारात घालवलं, की खालचं वर ऐकू जातं का. वरचं खाली ऐकू येतं का, हे कुणी विचारलंच नाही. दादा इथे पडून असेल, आणि तेव्हा शुद्धीत असेल, तर त्याने हे हसणं ऐकलं असेल. मी डोकं गुडघ्यांत घातलं आणि रडले, तोंडावर रुमाल दाबून, आवाज वर जाऊ नये म्हणून.

तोच रुमाल होता, घंटीचा. गाठी आवळून बसल्या होत्या. मी दात लावले आणि पुन्हा बाजूला घेतले. वाजवली आणि वर ऐकू गेली नाही, तर आईकडे काय उरणार? आणि ऐकू गेली, तर मला त्यांचं म्हणणं मानावं लागणार, राग सोडावा लागणार. त्या रागाखेरीज दादाचं माझ्याकडे तरी काय उरलं होतं? दोन्हींपैकी काहीच झेपणारं नव्हतं. मी रुमाल तसाच पिशवीत ठेवला. घाम वाळला, थंडी वाजायला लागली, तरी बसून होते. खाली कुणीही आलं नाही. मग सायकल ढकलत वर गेले.

टपरीत चूल धुरकटत होती. तिघं बाकावर होते, आणि चौथ्या जागेसमोर एक ग्लास बशीने झाकून ठेवला होता.

"ये, ये," मास्तर म्हणाले. "निवला की काय बघ."

"घंटी ऐकली तेव्हाच सांगितला होता," कंपाउंडर म्हणाला. "तू बराच वेळ लावलास."

"कुठली घंटी?" मी विचारलं.

"शेवटच्या वळणावरची. तुझीच की."

"दोनदा वाजली," लिफ्ट म्हणाला. "मी म्हटलंसुद्धा, आली बघा."

मास्तरांनी मान डोलावली.

माझ्या कामात लोक खोटं बोलतात. नवी कवळी घालून छान बसली म्हणतात, आणि जबडा सांगत असतो की हिरडी सोलवटतेय. तोंडाचं खोटं मला कळतं, त्यावर माझं पोट चालतं. मी तिघांच्या तोंडाकडे नीट बघितलं. एकही खोटं बोलत नव्हता. त्यांनी घंटी ऐकली होती. आज ऐकली होती तशीच मागच्या वर्षीही ऐकली होती, आणि तेव्हाही एक ग्लास असाच बशीने झाकून ठेवला असणार. मित्र येतोय असं ज्यांनी धरलेलंच असतं, त्यांना तो येताना ऐकू येतो. माझा राग कुठे ठेवू, ते मला कळेना. ठेवायला जागाच उरली नव्हती.

फोन वाजला. आईला धीर धरवला नव्हता.

"पोचलीस? वाजवलीस का गं?"

"हो."

"आली का त्यांना ऐकू?"

तिघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "हो आई. दोनदा ऐकली म्हणतायत."

पलीकडून तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हणजे त्याला त्रास नाही झाला."

"नाही झाला."

"चहा घे मग," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

चहा गार झाला होता. मी तो घेतला. लिफ्टने आपला मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि तिघांचाही जीव भांड्यात पडलेला दिसत होता. एवढं वर्ष त्यांचंही त्या एका घंटीवरच निघालं होतं.

पुढे सगळा उतार होता. कंपाउंडर माझे ब्रेक बघायला उठला. वायर नीट दिसेना म्हणून त्याने हॅण्डलवरची पिशवी वर उचलली. खाली गंजाची एक अर्धगोल खूण होती, तिच्याकडे तो बघतच राहिला. मला वाटलं उठावं, काहीतरी सांगावं, आत्ताच काढून ठेवली म्हणावं. मी उठलेही. तोवर त्याचा हात पिशवीत गेला होता आणि रुमाल बाहेर आला होता. त्याने गाठ सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. आमच्या घरी त्याचं लहानपणापासून येणंजाणं, आईची गाठ त्याला ठाऊक होती, आणि ती सकाळपासून काय, घरून निघाल्यापासून कुणी सोडवलेली नाही हेही त्याला कळलं.

बाकावर मास्तर चहाचे पैसे देत होते. लिफ्ट त्यांच्याशी काहीतरी बोलत होता.

कंपाउंडरने रुमाल होता तसा पिशवीत ठेवला. पिशवीचा बंद न लावताच तो माझ्याकडे वळला.

"मी ऐकली होती गं," तो हळू आवाजात म्हणाला. "खरंच ऐकली होती."

"माहितेय मला," मी म्हणाले.

मग मी पिशवीचा बंद लावला आणि आम्ही निघालो.