परवानगीची बाग

"मावशी, शेवटचं सांगतो," कोर्टाच्या व्हरांड्यात वकील स्कोर्डामाल्या व्हेनेराला म्हणाले. "नेक वी, नेक क्लाम, नेक प्रेकारियो. जबरदस्तीनं नाही, लपूनछपून नाही, कुणाची परवानगी मागून नाही. वीस वर्षं मालकिणीसारखी बाग कसली, तरच ती तुमची. बागेच्या मूळ मालकाची, म्हाताऱ्या ग्रेगोरियोंची परवानगी घेतली असं चुकूनही बोलू नका."

"लॅटिन पाद्र्याचंच कधी कळलं नाही, तुमचं काय कळणार!"

"आई, आज तरी जीभ आवर," लेक सावेरिया रडवेली झाली. "बागेतलं घर गेलं तर जायचं कुठं आपण?"

बागेतली ऑलिव्हची झाडं व्हेनेरानं नवऱ्यामागे एकटीनं जगवली होती. आता ग्रेगोरियो गेले आणि दूर तूरिन शहरातला त्यांचा भाचा वारस म्हणून उगवला. पण दर हंगामात फळं झोडपायला झाडांखाली जाळी अंथरण्याआधी ती ग्रेगोरियोंच्या दारात जायची. "मालक, यंदा अंथरू ना?" म्हातारा हात हलवायचा. घाण्यावरचं पहिलं तेलही त्यांच्याच घरी जायचं. गावात वळण असलेल्या बायका असंच वागायच्या.

आत भाच्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "तेल का पोचवायचात?"

"शेजारी म्हणून."

स्कोर्डामाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे न विचारता दुसऱ्याची फळं न्यायची आणि वर शेजारधर्म! आमच्या तूरिनला याला चोरी म्हणतात, आजी."

व्हेनेरा ताडकन उभी राहिली. "चोर कुणाला म्हणतोस रे? त्या भाच्यानं मामाच्या मयतीलाही तोंड दाखवलं नाही! मी दरवर्षी दारात उभी राहून विचारलंय. ते हो म्हणाल्याशिवाय एक फळ उचललं नाही!"

भाच्याचा वकील शांतपणे खाली बसला. त्याचं काम झालं होतं.

न्यायाधीशबाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे परवानगी मागत होतात?"

सावेरिया नाही, नाही अशी मान हलवत होती. 'नाही' व्हेनेराच्या ओठांवर आलंही. पण मागच्या बाकांवर अख्खं गाव बसलं होतं, आणि गावाला सगळं ठाऊक होतं.

"मागत होते," ती म्हणाली.

कारकुनानं ते टाइप केलं. सावेरिया उठून बाहेर गेली, मागे वळूनही न बघता. दार आपटलं तेव्हा कुठं व्हेनेरा न्यायाधीशबाईंकडे वळली.

"बाईसाहेब, खोडा ते. म्हातारी आहे मी, काहीबाही बरळले. खोडा ना, पाया पडते तुमच्या."

न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली. कारकुनानं सहीसाठी जबानीचा कागद व्हेनेरापुढे सरकवला.